पंचगंगा ते कृष्णा: एका साथीचा वृत्तांत

कोल्हापूर संस्थानचे अधिपती राजर्षी शाहू महाराज यांनी आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या पर्वात, म्हणजे १९२० साली, देवाच्या नावाने मुली सोडण्याच्या रूढीस आळा घालणारा कायदा आपल्या मुलखात जारी केला, तेव्हा त्या कायद्याचा अंमल संस्थानच्या शिवेपाशी संपत होता; आणि ज्या यल्लम्माच्या चरणी या मुली वाहिल्या जात तिचे देवस्थान सौंदत्तीच्या डोंगरावर, इंग्रज सरकारच्या बेळगाव जिल्ह्यात होते. मार्गशीर्षातल्या आणि माघातल्या पौर्णिमेला करवीर, कागल, गडहिंग्लज, मिरज या बाजूंनी गाड्यांचे तांडे डोंगराकडे निघत, आणि परतीच्या वाटेवर एखाद्या गाडीत गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचे दर्शन बांधलेली आठ-दहा वर्षांची पोर असे, जिचे पुढले आयुष्य त्या मण्यांनी ठरवून टाकलेले असे. मुंबई इलाख्याने १९३४ साली असाच कायदा केला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. पुढे १९८२ साली कर्नाटकानेही कायदा केला. कायदे कागदावर एकापुढे एक येत राहिले, आणि दलित वस्तीतल्या भूमिहीन घरातली मुलगी डोंगरावरून कामाठीपुऱ्याकडे, पुण्याच्या बुधवार पेठेकडे अथवा सांगलीच्या गोकुळनगराकडे, म्हणजे वेश्यावस्तीकडे, जाण्याचा रस्ताही वाहता राहिला. १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानने गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरवली आणि निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी विडीकामगार स्त्रियांना संघटित केले, तेव्हा कोठे या स्त्रियांचा आवाज सभेत ऐकू येऊ लागला. एच.आय.व्ही.च्या साथीचा दक्षिण महाराष्ट्रातील इतिहास सांगणाऱ्याला आरंभ येथून करावा लागतो, कारण साथ आली तेव्हा राज्यकर्त्यांचे, पोलिसांचे आणि वैद्यकाचेही बोट प्रथम याच स्त्रियांकडे वळले. आणि साथीला या मुलखात जो पहिला भक्कम बांध पडला तोही याच स्त्रियांच्या हातून पडला.

योग असा की, शाहू महाराजांचा कायदा निघाला त्याच सुमारास, काँगो नदीच्या तीरावरील लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, या वसाहती शहरात चिंपांझीच्या रक्तातून मनुष्यात उतरलेला हा विषाणू माणसामाणसांत फिरू लागला होता, असे जनुकशास्त्रज्ञ त्याच्या वंशावळीवरून अनुमान करतात. रेल्वे, नदीवरच्या आगबोटी, खाणींवर जाणारे एकटे मजूर आणि एकच सुई अनेकांना टोचणारे दवाखाने यांच्या आश्रयाने तो साठ वर्षे अज्ञातवासात वाढत राहिला. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक पत्रिकेत लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विलक्षण न्यूमोनियाची नोंद छापून आली. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रांस्वाझ बारे-सिनुसी आणि ल्युक माँतान्ये यांच्या प्रयोगशाळेने विषाणू वेगळा केला, ज्याबद्दल त्या दोघांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिंदुस्थानात त्याचा पहिला पुरावा १९८६ साली मद्रासेत सापडला. तो शोधणाऱ्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरच्या प्रयोगशाळेत त्यांपैकी काही नमुने दूषित आढळले. देशाला सावध करणारे ते रक्त ज्या स्त्रियांचे होते त्यांची नावे इतिहासात नाहीत, आणि रक्त देण्या-न देण्याचा खरा पर्याय कोंडलेल्या बाईला कितपत असणार, हेही उघड आहे. त्याच वर्षी मुंबईतही एड्सचा रुग्ण आढळला.

या विषाणूची करणी समजून घेतल्यावाचून पुढचा इतिहास उमगत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट. मनुष्याच्या रक्तात सीडी-४ नावाची खूण अंगावर बाळगणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. शरीरात शिरलेल्या शत्रूची वर्दी घेऊन बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणे हे त्यांचे काम, आणि निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणतः ५०० ते १,५०० असतात. हा विषाणू नेमकी तीच खूण धरून पेशीत शिरतो, आपल्या आर.एन.ए.ची डी.एन.ए.त उलटी नक्कल करतो आणि ती नक्कल पेशीच्या मूळ जनुकांत कायमची बसवून देतो. एखाद्या लबाड कारकुनाने कुलकर्ण्याच्या दप्तरात खोटी नोंद घुसडावी आणि पुढे प्रत्येक उताऱ्यात ती खरी म्हणून निघत राहावी, तसा हा प्रकार. औषधे नव्या नकला थांबवू शकतात, पण निद्रिस्त पेशींत बसलेली ती मूळ नोंद आजतागायत पुसता येत नाही, आणि म्हणून औषध जन्मभर घ्यावे लागते. लागण झाल्यावर आरंभी काही आठवडे नेहमीच्या चाचणीतही काही दिसत नाही. त्यानंतर सरासरी आठ-दहा वर्षे माणूस धडधाकट असतो, शेत नांगरतो, ट्रक चालवतो, संसार करतो, आणि आपणांस काही झाले आहे याची त्यास गंधवार्ता नसते. सीडी-४ची संख्या २०० च्या खाली उतरली की मग क्षय, तोंडातली पांढरी बुरशी, न थांबणारे जुलाब, मेंदूचा ज्वर असे एकामागून एक आजार त्या उघड्या पडलेल्या शरीरावर धाड घालतात. आपल्याकडे त्यांतला अग्रमान क्षयाचा. विषाणूची वाट मात्र अगदी मोजकी: असुरक्षित संभोग, दूषित रक्त, दूषित सुई, आणि गर्भारपणी, प्रसूतीत वा स्तन्यपानातून आईकडून मुलाला. स्पर्शाने, पंगतीत जेवल्याने, डासाने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने तो जात नाही, ही गोष्ट १९८५ पूर्वीच वैद्यकास ठाऊक झाली होती. ती आमच्या गावांच्या चावडीपर्यंत पोहोचण्यास आणखी वीस वर्षे लागली, आणि त्या वीस वर्षांत किती माणसे गोठ्यात वेगळ्या ताटलीत जेवून मेली याची गणती कोणी ठेवली नाही.

दक्षिण महाराष्ट्राला या विषाणूची झळ इतकी का लागली, याचे उत्तर नकाशात आहे. पुणे-बंगळूर महामार्ग सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव अशी गावे एका दोऱ्यात ओवीत जातो. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौदा झालेला गूळ गुजरातेत जातो, इचलकरंजीचे यंत्रमाग रात्रंदिवस चालतात आणि त्यांवर परमुलखातून आलेले, कुटुंब गावी ठेवलेले तरुण कामगार राबतात; हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, आणि निपाणीच्या तंबाखूच्या वखारींभोवती पैशाची व माणसांची ये-जा असते. याच्या उलट दिशेने, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या डोंगरी तालुक्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची पुरुषमंडळी मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत खपत आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर ज्यांचे काम गेले त्यांतले अनेक गावी परतले, अनेक मुंबईतच मिळेल त्या कामाला लागले. पुरुषाला पोटासाठी घरापासून वर्षाचे दहा महिने दूर ठेवणारी ही व्यवस्था विषाणूने निर्माण केली नव्हती. त्याने तिचा केवळ लाभ घेतला. साथीचे खापर ज्यांनी गोकुळनगराच्या गल्लीवर फोडले त्यांनी या व्यवस्थेकडे पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत, हे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यसत्तेची पहिली प्रतिक्रिया भयाची होती, आणि भयभीत सत्ता कुलूप शोधते. कोल्हापूरच्या घाटाखाली, गोव्यात, १९८९ साली डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण रक्तदाता दूषित आढळताच त्यास पोलिसांकरवी धरून नेऊन म्हापशाच्या एका ओसाड क्षयरुग्णालयात दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडून ठेवण्यात आले, कारण गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद घालण्यात आली होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तरी न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. डॉमिनिकने बाहेर येऊन इतर बाधितांसाठी संघटना उभारली आणि १९९२ साली तो गेला. १९८९ मध्येच केंद्र सरकारने राज्यसभेत एड्सविषयक एक विधेयक आणले, ज्यात बाधितांचा शोध घेणे आणि त्यांना वेगळे काढणे यांवर भर होता. विरोध इतका झाला की ते मागे घ्यावे लागले. रक्तपेढ्यांची कथा मी थोडक्यात आटोपतो: दानाच्या रक्ताची तपासणी १९८९ पासून बंधनकारक होऊ लागली, सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ च्या निकालात पेढ्यांना परवाना सक्तीचा केला, आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकण्याचा धंदा बंद झाला. येथे हुकमाने काम झाले, कारण रक्ताच्या पिशवीला स्वतःचे मन नसते.

माणसांच्या बाबतीत हुकूम चालला नाही. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांनी ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, अर्थात ‘संग्राम’, या संस्थेचे काम सुरू केले. सेषू यांचे पूर्वीचे काम स्त्रियांवरील घरगुती अत्याचारांच्या प्रश्नावरचे. सरकारी योजनेचा आराखडा असा होता की, वेश्यावस्तीत जावे, निरोधची पाकिटे वाटावीत, रक्त तपासावे आणि आकडा वर पाठवावा. गोकुळनगरातल्या स्त्रियांनी या आराखड्याकडे ज्या संशयाने पाहिले तो सर्वस्वी साधार होता: वस्तीत येणारा सुशिक्षित माणूस आजवर एक तर गिऱ्हाईक म्हणून आला होता, नाही तर धाड घेऊन आला होता, आणि आता रक्त मागत होता. संग्रामने हळूहळू या क्रमाची उलटापालट केली, आणि माझ्या मते येथेच या साऱ्या इतिहासाची खरी कलाटणी आहे. पाकिटे वाटण्याचे काम बाहेरच्या कार्यकर्त्यांकडून काढून वस्तीतल्याच बायकांच्या हाती आले. एकेका बाईकडे काही घरे. आठवड्याला किती माल लागला, कुणाच्या अंगावर पुरळ आहे, कुणाला पांढरे पाणी जाते, कुणाला मालक मारतो, हे तिला ठाऊक, कारण ती शेजारीण. लाकडी नमुन्यावर निरोध चढवून दाखवण्याचे शिक्षण तिने आपल्या दारात, आपल्या बोलीत, मराठी-कन्नडाच्या सरमिसळीत दिले.

एकट्या बाईने गिऱ्हाइकाला अट घातली तर ते शेजारच्या दारी जाते, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने शिकवावे लागले नाही. म्हणून अट साऱ्या गल्लीची व्हावी लागली. एका दारी नकार मिळालेल्याला दुसऱ्या दारीही तोच नकार मिळेल, अशी एकजूट बांधावी लागली. १९९६ साली या स्त्रियांनी आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली, ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, आणि ती सांगली-मिरजेपासून कोल्हापूर, सातारा व सीमेपलीकडे निपाणीपर्यंत पसरली. संघटनेने तंटे मिटवण्यासाठी आपल्या समित्या नेमल्या. ठाण्यात बाईला विनाकारण बसवून ठेवले तर दहाजणी दारात जाऊन उभ्या राहू लागल्या. निपाणीत मुलांसाठी वसतिगृह उभे राहिले. आणि पुढे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची व तृतीयपंथीयांची ‘मुस्कान’ ही संघटना याच परिवारात वाढली. त्या काळी औषध नव्हते. जी बाई खंगत चालली तिला सिव्हिलमध्ये नेणे, वॉर्डात खाट मिळेपर्यंत न हलणे, नातेवाईक म्हणून सही करणे, अंगाला हात लावण्यास कोणी धजेना तेव्हा तिचे कपडे बदलणे, आणि शेवटी वर्गणी काढून तिची माती करणे, हे सर्व या बायकांनी केले. बाईला वस्तीबाहेर काढण्याच्या कल्पनेला उद्धार म्हणणाऱ्या समाजाने हे काम कधी मोजलेच नाही. निरोधचा खप वाढला आणि गुप्तरोग घटले, ते या विश्वासाच्या पाठीवर. फलक, पत्रके आणि कवटीची चित्रे काढलेल्या भिंती यांनी जे साधले नाही ते शेजारणीने साधले.

या अवधीत सर्वांत असुरक्षित कोण होती, ते पुण्याच्या संशोधनाने उघड केले. डॉ. रमण गंगाखेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली आणि निष्कर्ष १९९७ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांत लागणीचे प्रमाण जवळजवळ ५० टक्के निघाले, जे अपेक्षितच होते. परंतु ज्या ३९१ स्त्रिया त्या व्यवसायात नव्हत्या त्यांच्यातही ते १३.६ टक्के निघाले, आणि या स्त्रियांपैकी बहुतेकींचा एकच पुरुष होता, लग्नाचा नवरा. गळ्यात मंगळसूत्र हीच ज्या स्त्रीची सुरक्षितता समजली जात होती तिला नवऱ्याला अट घालण्याचा अधिकार गोकुळनगरातल्या बाईइतकाही नव्हता. तिच्यामागे गल्ली नव्हती. डोंगरी तालुक्यांत हा प्रसंग एकाच वळणाने घडत गेला: मुंबईहून नवरा आजारी होऊन येतो, टीबीचा कोर्स होतो, देवाचे होते, एखाद्या ‘रामबाण’ औषधवाल्याला जमिनीचा तुकडा विकून पैसे पोचवले जातात, नवरा जातो, दिवस होताच सासरचे म्हणतात, हिनेच खाल्ले त्याला, आणि धाकट्याचे पोट उतरत नाही म्हणून तपासणी होते तेव्हा कागदावर आईचे आणि मुलाचे नाव एकाखाली एक येते. बिनऔषधी अवस्थेत बाधित मातेकडून मुलाला लागण होण्याचा धोका तिघांत एक अशा आसपास असतो. १९९९ साली युगांडातील प्रयोगाने दाखवले की, प्रसूतीच्या कळा लागताच आईला नेव्हिरापीनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचे थेंब दिले तर हा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो. एक गोळी! तिची किंमत नगण्य. पण ती गोळी वेळेवर द्यायची तर गर्भवतीची तपासणी झालेली असावी लागते, आणि तपासणीचा निकाल गावभर होणार नाही असा भरवसा तिला असावा लागतो. जिल्ह्याच्या रुग्णालयांत समुपदेशन आणि चाचणीची खोली निराळी करण्याचे महत्त्व या एका गोळीने शिकवले.

खऱ्या औषधाची पहाट १९९६ साली व्हँकूव्हरच्या परिषदेत उगवली. तीन औषधे एकत्र दिली की विषाणू रक्तात दिसेनासा होतो आणि मरणाच्या दारातला माणूस उठून बसतो, हे सिद्ध झाले. आणि त्याच क्षणी ते औषध कोणाला परवडणार हा प्रश्न उभा राहिला, कारण पाश्चात्त्य कंपन्यांच्या भावाने वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या वर जात होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी तेच मिश्रण वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केले आणि आफ्रिकेत लक्षावधी लोकांचे प्राण वाचवणारा बाजार उघडला. पण ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सोळा हजार रुपये. भुदरगडच्या शेतमजुराच्या घरी तेही कोठून यावेत? आमच्याच राज्यात बनू शकणारी गोळी आमच्याच माणसाला मिळू नये, ही अवस्था आणखी तीन वर्षे टिकली, आणि त्या तीन वर्षांचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही. अखेर १ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधोपचार सुरू केले, ते देशातील आठ रुग्णालयांत. त्यात मुंबईचे जे. जे. होते. कोल्हापूरच्या रुग्णाला त्यासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र काढून, मुंबईत रांगेत उभे राहून, पुन्हा रात्र काढून परतावे लागे. ज्याच्या सीडी-४ पेशी शे-सव्वाशेवर आल्या आहेत त्या माणसाने हा प्रवास महिन्याच्या महिन्याला करायचा.

यथावकाश सांगली सिव्हिलमध्ये आणि कोल्हापुरात टाऊन हॉलसमोरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, ज्याला सारा जिल्हा सीपीआर म्हणतो, औषधकेंद्रे उघडली. या केंद्राचे काम जवळून पाहिले तर त्याची सारी शक्ती साध्या नोंदींत आहे असे दिसते. रुग्ण आला की प्रथम वजन; मग त्याच्या हातची हिरवी पुस्तिका आणि केंद्राच्या कपाटातले पांढरे कार्ड यांचा मेळ; मग डबी उलटी करून उरलेल्या गोळ्यांची मोजणी. तीस दिवसांच्या गोळ्यांपैकी किती उरल्या यावरून किती चुकल्या ते कळते, आणि शंभरातल्या पाचांहून अधिक चुकल्या तर समुपदेशक कारण विचारतो. कारणे औषधाची नसतात. ऊसतोडीला गेलो होतो, पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर डबी कशी काढू, सासूने फेकून दिली, एस.टी.ला पैसे नव्हते. डबीवरचे लेबल खरवडून गोळ्या जर्द्याच्या डबीत अथवा हळदीच्या पुडीत ठेवणारी माणसे आहेत. विषाणूला चुकलेल्या दिवसांचा फायदा मिळाला की तो औषधाला न जुमानणारे रूप घेतो, म्हणून ही विचारपूस म्हणजे उपचाराचाच अर्धा भाग. आणि ती करणारे समुपदेशक वर्षानुवर्षे कंत्राटी पगारावर राबत आले आहेत, याची खंत येथे नोंदवल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

औषध गावात येत असतानाच गोकुळनगरावर निराळे संकट आले. अमेरिकेच्या २००३ च्या एड्स-निधी कायद्यात अशी अट होती की, पैसा घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाचा निषेध करणारे धोरण लेखी स्वीकारावे. २००५ च्या मे महिन्यात एका परदेशी संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांनी गोकुळनगरावर धाड घातली आणि बायकांना उचलून नेले. त्याबद्दल आवाज उठवणाऱ्या संग्रामवरच पुढे वॉशिंग्टनपर्यंत आरोप झाले. ज्या स्त्रियांच्या हातांनी काम उभे राहिले त्यांचा निषेध लिहून देण्यास संग्रामने नकार दिला आणि अमेरिकी पैसा परत केला. सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेने महासत्तेचा निधी तत्त्वासाठी परत करावा, ही गोष्ट आमच्या सामाजिक इतिहासात जितकी ठळक नोंदली जायला हवी होती तितकी झालेली नाही.

पुढल्या वर्षांत आकड्यांनीही आपला सूर बदलला. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी जिल्ह्यांची वर्गवारी झाली, तेव्हा मागील तीन वर्षांत कोणत्याही वर्षी गर्भवतींच्या तपासणीत १ टक्क्याहून अधिक लागण आढळलेले १५६ जिल्हे ‘अ’ वर्गात पडले आणि कोल्हापूर त्यांत होते. देशभराच्या घरोघर पाहणीतून जमलेल्या रक्ताच्या चाचण्यांनंतर २००७ साली देशातील बाधितांचा अंदाज ५२ लाखांवरून सुमारे २५ लाखांवर उतरला. माणसे काही बरी झाली नव्हती, मोजणी सुधारली होती. पण त्यापुढची उतरण खरी होती. मोठ्या एकात्मिक पाहणीसाठी महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे, यवतमाळ आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे निवडले गेले होते, म्हणजे या मुलखाकडे देशाचे लक्ष होते. आणि जेथे वस्तीतल्या स्त्रियांकडे कामाची सूत्रे आली तेथे निरोधचा वापर वाढून रोगाचा वेग मंदावल्याचा अनुभव सांगली-कोल्हापुरापुरता राहिला नाही, म्हैसूर आणि कलकत्त्याच्या सोनागाछीनेही तोच दिला. २०११ साली नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरील अभ्यासाने, ज्यात पुण्याची संशोधन संस्थाही सहभागी होती, सिद्ध केले की बाधित जोडीदाराला लवकर औषध दिले तर दुसऱ्यास लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही तो आपल्या जोडीदाराला लागण देत नाही, हे आज निर्विवाद आहे. औषध सुरू करण्याची सीमा २०० पेशींवरून ३५०, मग ५०० अशी चढत गेली, आणि २०१७ पासून निदान होताच औषध असा दंडक झाला.

न्यायाची गती याहून मंद. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका रोजंदारी कामगाराच्या दाव्यात, नाव गुप्त ठेवण्याची मुभा देऊन, असा निकाल दिला की, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसास केवळ बाधित म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्यावर वीस वर्षांनी, २०१७ साली, संसदेने एच.आय.व्ही. व एड्सविषयीचा कायदा केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला: संमतीवाचून चाचणी नाही, परवानगीवाचून वाच्यता नाही, नोकरीत, शाळेत, रुग्णालयात भेदभाव नाही. आईबाप गेलेल्या घरातले समंजस थोरले भावंड बारा वर्षांचे असले तरी धाकट्याचे पालक म्हणून शाळेत व बँकेत सही करू शकेल, अशी एक तरतूदही त्यात आहे. ती ज्यांनी लिहिली त्यांनी अशी घरे पाहिली असणार. मात्र औषध पुरवण्याचे सरकारचे कर्तव्य त्याच कायद्यात ‘शक्य तितके’ या मर्यादेने बांधले गेले, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क केवळ अठरा वर्षांखालील बाधितांस दिला गेला.

आता देशात २५ लाखांहून अधिक माणसे या विषाणूसह जगत आहेत, त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. प्रौढांतील प्रमाण ०.२ टक्क्यांवर आले आहे आणि नव्या लागणी २०१० च्या तुलनेत २०२३ पर्यंत सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्या. ज्यांनी आरंभीच्या वर्षांत गोळ्या सुरू केल्या त्यांतले कितीतरी आज पन्नाशी-साठी ओलांडून मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या तक्रारी घेऊन त्याच केंद्रांत येतात. ज्या सुनेला सासरने बाहेर काढले तिला कायद्याने घरात पाय ठेवायला मिळावा म्हणून २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो, आणि नवऱ्याच्या हिश्शाच्या जमिनीवर वारसनोंद लागावी म्हणून तलाठ्याकडून मंडल अधिकाऱ्याकडे, तेथून तहसील कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सातबाऱ्याचा उतारा आणि दोन साक्षीदार एवढे जमवून तिच्याबरोबर कचेरीत जाणाऱ्या बायका बहुधा त्याच केंद्रातून गोळ्या घेणाऱ्या असतात. फेरफार मंजूर होईपर्यंत त्या जात राहतात.